मोठ्या तोफेच्या नळीतील उष्णताजन्य प्रतिबले हाताने कशी काढावीत

तोफ डागल्यापासून गोळा नळीबाहेर पडेपर्यंत दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात नळीच्या आतल्या अंगाला २,५०० ते ३,५०० केल्विन तापमानाचा वायू भिडतो आणि त्याचा दाब ३०० ते ४०० मेगापास्कलपर्यंत चढतो. दाबामुळे नळीच्या भिंतीत काय घडते हे अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात शिकवले जाते आणि जाड नळीसाठीची लामेची सूत्रे बहुतेकांना पाठ असतात. त्याच भिंतीत उष्णतेमुळे काय घडते हा प्रश्न आला, की विद्यार्थी थेट संगणकाकडे वळतो, रंगीत चित्र मिळवतो आणि त्या चित्रातला आकडा पटण्याजोगा आहे की नाही हे मात्र त्याला सांगता येत नाही. तो आकडा कागदावर, साध्या कॅल्क्युलेटरच्या आधाराने, दहा-पंधरा टक्क्यांच्या आत कसा काढता येईल, ते येथे एका उदाहरणाच्या साहाय्याने मांडले आहे.

आधी शब्दांचा खुलासा करतो. व्यवहारात आपण ‘स्ट्रेस’ला ताण म्हणतो, परंतु येथे ओढ आणि दाबणी यांतला फरक क्षणोक्षणी लागणार असल्याने ‘स्ट्रेस’साठी ‘प्रतिबल’ हा पाठ्यपुस्तकी शब्द वापरला आहे, ओढीसाठी ‘ताण’ आणि दाबणीसाठी ‘संपीडन’. ताण अधिक चिन्हाने आणि संपीडन उणे चिन्हाने लिहायचे. नळीच्या आतल्या पोकळीला कारखान्यात सगळे ‘बोअर’च म्हणतात, तेव्हा तोच शब्द ठेवला आहे.

सगळ्या गणिताच्या मुळाशी एकच नियम

जाड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की पेला तडकतो. पातळ काचेचा पेला बहुधा वाचतो. जाड पेल्याचा आतला थर तापून फुगू पाहतो, बाहेरचा थंड थर त्याला फुगू देत नाही, आणि त्या ओढाताणीत आतला थर दाबला जातो व बाहेरचा ओढला जातो. काच संपीडन सोसते, ताण सोसत नाही, म्हणून तडा बाहेरून सुरू होतो. तोच पेला पाण्यात ठेवून सावकाश उकळला, तर शंभर अंशांवरही त्याला काही होत नाही. तापमान किती आहे यावरून प्रतिबल ठरत नाही. भिंतीच्या एका भागाचे तापमान उरलेल्या भागापेक्षा किती वेगळे आहे यावरून ते ठरते.

लांब, गोल आणि दोन्ही टोकांना मोकळ्या असलेल्या नळीसाठी हा नियम फार सुटसुटीत रूप घेतो. आतल्या किंवा बाहेरच्या पृष्ठभागावरील कोणत्याही बिंदूवर

प्रतिबल = य × प्र × (भिंतीचे सरासरी तापमान − त्या पृष्ठभागाचे तापमान) ÷ (१ − प)

येथे ‘य’ हा यंगचा गुणांक (धातू किती ताठ आहे याचे माप), ‘प्र’ हा प्रसरणांक आणि ‘प’ हे पॉयसनचे गुणोत्तर (लांबीत ओढल्यावर धातू आडवा किती आकसतो याचे माप) होय. परिघाच्या दिशेचे आणि अक्षाच्या दिशेचे अशी दोन्ही प्रतिबले पृष्ठभागावर एवढीच असतात. त्रिज्येच्या दिशेचे उष्णताजन्य प्रतिबल तेथे शून्य असते. भिंतीत तापमान कोणत्या वक्राने उतरते याची या सूत्राला पर्वा नाही, फक्त सरासरी बरोबर काढलेली हवी. पुस्तकांत दिसणारे लॉगॅरिदमचे लांबलचक सूत्र याच नियमाचे एक विशिष्ट रूप आहे, आणि ते स्थिर उष्णताप्रवाहालाच लागू पडते. तोफेत तशी स्थिती सहसा येत नाही, म्हणून ते सूत्र डोळे झाकून वापरणे ही मला सर्वांत जास्त वेळा आढळलेली चूक आहे.

तोफेच्या निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादासाठी यंगचा गुणांक २०५ गिगापास्कल, पॉयसनचे गुणोत्तर ०.३ आणि प्रसरण दर मीटरला दर अंशाला १२ मायक्रॉन धरले, तर गुणाकार-भागाकार करून ३.५१ मेगापास्कल येतात. म्हणजे सरासरीपासून प्रत्येक अंशाच्या फरकामागे साडेतीन मेगापास्कल. हा आकडा पाठ करावा. पुढचे सारे काम तापमानांचे फरक शोधून त्यांना साडेतीनने गुणण्याचे आहे.

उदाहरणाची नळी

बोअरचा व्यास १५५ मिलिमीटर आणि बाहेरचा व्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे ३१० मिलिमीटर, असा एक छेद घेऊ. पुण्याच्या पाषाण येथील आयुध संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे एआरडीई, हिने भारत फोर्ज आणि टाटा यांच्यासह विकसित केलेली ‘एटॅग्ज’ ही तोफ १५५ मिलिमीटर बोअरची आणि ५२ कॅलिबर लांबीची आहे; ५२ ला १५५ ने गुणले की नळीची लांबी ८ मीटरपेक्षा किंचित जास्त भरते. अशी नळी मागे जाड आणि तोंडाकडे निमुळती असते, म्हणून हिशेब नेहमी एका छेदाचा करायचा. आपला छेद गोलाईच्या सोयीसाठी घेतलेला आहे, तो एखाद्या विशिष्ट तोफेचे माप नव्हे. उष्णतावाहकता ३८ वॅट प्रति मीटर प्रति अंश, घनता ७,८५० किलो प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्णता ४८० ज्यूल प्रति किलो प्रति अंश धरू. या तिन्हींवरून उष्णता पोलादात किती झपाट्याने पसरते ते सांगणारा विसरणांक निघतो: सेकंदाला सुमारे १० चौरस मिलिमीटर.

एका गोळ्यामागे बोअरच्या दर चौरस मीटरला ८ लाख ज्यूल उष्णता मिळते असे समजू. हे गृहीत आहे. ते पडताळून कसे पाहायचे ते शेवटी येईल.

आधी वेळ ठरवा

उष्णताजन्य प्रतिबलाचा प्रश्न हाती आला की पहिला प्रश्न ‘किती वेळानंतर?’ हा विचारावा. विसरणांकाला वेळेने गुणून वर्गमूळ काढले की उष्णता तेवढ्या वेळात साधारण किती खोल पोहोचली ते कळते. दहा मिलिसेकंदांसाठी १० गुणिले ०.०१, म्हणजे ०.१ चे वर्गमूळ, म्हणजे अवघे ०.३ मिलिमीटर. साडेसत्त्याहत्तर मिलिमीटर जाडीच्या भिंतीत ही जाडी म्हणजे नुसती कातडी. उलट, संपूर्ण भिंतीतले तापमानाचे फरक विरायला लागणारा काळ म्हणजे जाडीच्या वर्गाला विसरणांकाने आणि पुन्हा सुमारे दहाने भागून येणारी संख्या: ६,००६ भागिले १० भागिले ९.८७, साधारण ६१ सेकंद. एका गोळ्याने पेटवलेली कातडी मिलिसेकंदांची गोष्ट आहे, भिंतीतला उतार मिनिटांचा आहे, आणि संपूर्ण नळीचे तापणे व निवणे तासाच्या हिशेबात चालते. या तिन्ही गोष्टी एकाच समीकरणात कोंबल्या की गोंधळ होतो. वेगवेगळ्या काढून शेवटी बेरीज करावी. प्रतिबले स्थितिस्थापक मर्यादेत असतील तोवर ही बेरीज बिनधोक आहे.

पहिला हिशेब: मिलिसेकंदांची कातडी

सर्वांत जास्त नुकसान येथे होते, म्हणून येथे सावकाश चालू. दहा मिलिसेकंद एकसारखा उष्णताप्रवाह आला असे मानल्यास पृष्ठभागाची तापमानवाढ काढण्याचे सूत्र असे आहे: विसरणांकाला ३.१४ आणि काळ यांच्या गुणाकाराने भागा, वर्गमूळ काढा, त्याला मिळालेल्या उष्णतेच्या दुपटीने गुणा आणि उष्णतावाहकतेने भागा. सगळी मापे मीटर आणि सेकंदांत घ्यायची. ०.००००१ भागिले ०.०३१४ म्हणजे ०.०००३१८, वर्गमूळ ०.०१७८, त्याला १६ लाखांनी गुणले की २८,५०० आणि ३८ ने भागले की ७५० अंश.

भिंतीची सरासरी एवढ्या वेळात जेमतेम दोन अंशांनी हलते, म्हणून फरक ७५० अंशांचाच धरावा. साडेतीनने गुणले की उणे २,६३० मेगापास्कल. हा आकडा पाहून विद्यार्थी दचकतो आणि आपले काहीतरी चुकले असे समजून मागे फिरतो. चुकलेले काही नसते. तोफेच्या पोलादाची यील्ड मर्यादा, म्हणजे जिच्यापुढे धातूचा आकार कायमचा बदलतो ते प्रतिबल, थंड असताना हजार मेगापास्कलच्या आसपास असते आणि ७०० अंशांवर ती पुष्कळच खाली येते. म्हणजे एवढे प्रतिबल पोलादात राहू शकत नाही, कातडी त्याआधीच कायमची दबते. स्थितिस्थापक सूत्राने काढलेली ही संख्या खरे प्रतिबल म्हणून वाचायची नाही, ती ‘किती विकृती लादली जात आहे’ याचे माप म्हणून वाचायची.

पुढचा टप्पा बहुतेक टिपणांत गाळलेला असतो. गोळा गेला, वायू गेला, आणि कातडीतली उष्णता तिच्या खालच्या थंड पोलादाने शोषून घेतली. दबून आखूड झालेली कातडी आता आकुंचन पावू लागते. पण खालचे पोलाद मूळ मापाचेच आहे, ते तिला आखूड होऊ देत नाही. त्यामुळे निवताना कातडीत ताण निर्माण होतो. नियम असा धरावा: लादलेले प्रतिबल यील्डच्या दुपटीपेक्षा जास्त असेल, तर कातडी तापताना संपीडनात आणि निवताना ताणात अशी दोन्ही वेळा यील्ड होते. हजार मेगापास्कल यील्डसाठी ही सीमा २,००० भागिले ३.५१, म्हणजे सुमारे ५७० अंशांवर येते, आणि गरम पोलाद नरम असल्याने प्रत्यक्षात त्याच्याही खाली. आपले ७५० अंश तिच्या वर आहेत. मग प्रत्येक गोळ्यागणिक बोअरची कातडी एकदा दाबली आणि एकदा ओढली जाते, जशी वारंवार वाकवलेली तार. काही फेऱ्यांतच बोअरवर वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारखी भेगांची जाळी उमटते. तिला कारखान्यात ‘हीट चेकिंग’ म्हणतात.

यात पोलादाच्या रचनेची भर पडते. साधारण सव्वासातशे अंशांच्या वर पोलादाची स्फटिकरचना बदलते, आणि खालच्या थंड पोलादाने ती कातडी क्षणात विझवल्यामुळे तेथे कठीण पण ठिसूळ मार्टेन्साइट तयार होते. लोहार तापवलेली कुदळ पाण्यात बुडवतो तेच हे पाणी देणे, फक्त येथे पाण्याची जागा नळीच्याच धातूने घेतली आहे. दारूच्या वायूंतला कार्बन आणि नायट्रोजनही पृष्ठभागात शिरतो आणि ठिसूळपणा वाढवतो. या गोष्टी आपल्या सूत्रात नाहीत. म्हणून पृष्ठभागाचे तापमान सातशेच्या पुढे निघाले, की आकडा लिहून त्याच्यापुढे ‘रचनाबदल’ असा शेरा मारावा आणि त्या आकड्यावर अधिक सूक्ष्म गणित रचू नये.

कातडीचे तापमान उतरवणे हाच यावरचा खरा इलाज आहे. सूत्रात उष्णता पहिल्या घातात आहे, म्हणजे बोअरपर्यंत पोहोचणारी उष्णता पाचव्या हिश्शाने कमी केली की ७५० चे ६०० होतात आणि आपण दुहेरी यील्डच्या सीमेजवळ येतो. अमेरिकी नौदलाच्या १६ इंची तोफांसाठी दारूच्या पिशव्यांबरोबर टायटॅनियम डायऑक्साइड आणि मेण यांचे मिश्रण वापरले गेले. ‘स्वीडिश अ‍ॅडिटिव्ह’ या नावाने ते ओळखले जाते. त्याचा थर बोअरलगत थंड आवरण धरतो, आणि नळीचे आयुष्य त्यामुळे कित्येक पटींनी वाढले. क्रोमियमचा मुलामा हा दुसरा मार्ग: क्रोमियम १,९०० अंशांपर्यंत वितळत नाही, परंतु त्याचे प्रसरण पोलादाच्या निम्म्याच्या जवळपास असल्याने मुलामा आणि पोलाद यांच्या सांध्यावर नवे प्रतिबल उभे राहते आणि मुलाम्याला मुळातच असलेल्या बारीक भेगांतून वायू पोलादापर्यंत पोहोचतो. मुलाम्याचा हिशेब करताना दोन धातूंच्या प्रसरणांकांतला फरक घ्यायला विसरू नये.

दुसरा हिशेब: मिनिटांचा उतार

समजा मिनिटाला चार गोळे या वेगाने काही मिनिटे मारा चालला. मोठ्या तोफेला हा वेग फार वेळ झेपत नाही, पण तीन-चार मिनिटे चालला तरी भिंतीतला उतार आपले कायमचे रूप घेतो. प्रत्येक गोळ्याचे ठोके विसरून सरासरी प्रवाह घ्यावा: ८ लाख गुणिले ४ भागिले ६०, म्हणजे दर चौरस मीटरला ५३,३०० वॅट. बाहेरच्या पृष्ठभागावरून हवेत जाणारी उष्णता यापुढे इतकी किरकोळ असते, की बाहेरची बाजू बंद आहे असेच मानावे. तशा नळीत आतून बाहेरपर्यंतचा फरक काढायला प्रवाहाला आतल्या त्रिज्येने गुणून उष्णतावाहकतेने भागा. ५३,३०० × ०.०७७५ ÷ ३८ = १०९. याला बाहेरच्या व आतल्या व्यासांच्या गुणोत्तरावर अवलंबून असलेल्या एका गुणकाने गुणायचे. गुणोत्तराचा वर्ग गुणिले त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, भागिले वर्गातून एक वजा केलेली संख्या, आणि त्यातून अर्धा वजा. गुणोत्तर २ असेल तर हा गुणक ०.४२४ येतो, आणि फरक ४६ अंश.

आता सरासरी. येथे सोप्या रीतीने आत-बाहेरच्या तापमानांची बेरीज करून दोनने भागू नये, कारण बाहेरच्या कड्यात धातू जास्त असतो. भिंतीचे सारख्या जाडीचे पाच कडे करा. प्रत्येक कड्याचे वजन त्याच्या मधल्या त्रिज्येच्या प्रमाणात असते: आतून बाहेर अनुक्रमे १४.७, १७.३, २०, २२.७ आणि २५.३ टक्के. आपल्या नळीत बोअरच्या तुलनेत या कड्यांची तापमाने १०, २५.५, ३६, ४२.७ आणि ४५.८ अंशांनी कमी आहेत. वजने लावून बेरीज केली की ३४ अंश. म्हणजे बोअर सरासरीपेक्षा ३४ अंशांनी गरम, बाहेरची बाजू सरासरीपेक्षा १२ अंशांनी थंड. साडेतीनने गुणले की बोअरवर उणे १२० आणि बाहेर अधिक ४१ मेगापास्कल. दोन आकड्यांतले अंतर ४६ अंशांच्या साडेतीनपटीएवढे भरले पाहिजे; १६१ भरते, तेव्हा हिशेब जुळला. ही पडताळणी प्रत्येक वेळी करावी, चिन्हांची चूक तेथेच सापडते.

याच्याशी दाबाची प्रतिबले जोडायची. दाब ३०० मेगापास्कल आणि व्यासांचे गुणोत्तर २ असेल तर लामेच्या सूत्राने परिघी प्रतिबल बोअरवर ५०० आणि बाहेर २०० मेगापास्कल येते. बेरीज बोअरवर ३८०, बाहेर २४१. बोअरवर त्रिज्येच्या दिशेने दाबच उणे ३०० आहे, तेव्हा ट्रेस्काच्या निकषाने सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान प्रतिबल यांतले अंतर थंड नळीत ८०० होते, ते गरम नळीत ६८० झाले. आतून तापलेली भिंत बोअरवरचा दाबाचा भार हलका करते. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला ते खोटे वाटते. पण उष्णता येथे ऑटोफ्रेटाजचेच (बोअर आधीच संपीडनात ठेवण्याच्या प्रक्रियेचे, तिचे वर्णन पुढे येईल) काम तात्पुरते करत असते, आणि त्याची किंमत बाहेरच्या पृष्ठभागाने मोजलेली असते. बाहेर एखादी चावीची खाच, वेल्डिंगचा ठिपका किंवा खोल ओरखडा असेल, तर वाढलेला ताण तेथे दुपटी-तिपटीने एकवटतो. म्हणून गरम नळीची तपासणी बाहेरूनही करावी.

मात्र या दिलाशाचा कातडीशी संबंध जोडू नये. तिथल्या भेगा तयार झालेल्याच आहेत, आणि पुढच्या गोळ्याचा दाब त्या भेगांच्या आतही शिरून त्यांना उघडतो. भेग किती गोळ्यांनंतर किती खोल जाईल हा भंगाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे.

प्रतिबल न देणारी उष्णता

तिसरा हिशेब झटपट उरकतो. एका गोळ्याची उष्णता सगळ्या भिंतीत समान पसरली तर तापमान किती वाढेल? उष्णतेच्या दुपटीला, म्हणजे १६ लाखांना, घनता, विशिष्ट उष्णता, आतली त्रिज्या आणि गुणोत्तराच्या वर्गातून एक वजा केलेली संख्या यांच्या गुणाकाराने भागा: १६,००,००० ÷ ८,७६,००० = १.८ अंश. पन्नास गोळ्यांमागे नव्वद अंश. ही वाढ सगळीकडे सारखी असल्याने प्रतिबल शून्य. फक्त नळी लांबते, नव्वद अंशांत दर मीटरला एक मिलिमीटरहून थोडी जास्त, आणि ज्या ठिकाणी ती दुसऱ्या थंड भागात घट्ट बसवलेली असते तेथे त्याची दखल घ्यावी लागते. मात्र तोफेच्या दारूतले नायट्रोसेल्युलोज साधारण १७० अंशांच्या सुमारास आपोआप पेटते, त्यामुळे नळीचे सरासरी तापमान हा प्रतिबलाचा नसला तरी तोफखान्याचा मोठा प्रश्न आहेच.

उन्हाने तापलेल्या नळीचे उदाहरण याच जातीचे आहे. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तापमान सरळ रेषेत उतरत असेल, तर मोकळ्या नळीत प्रतिबल मुळीच येत नाही. नळी केवळ वाकते. पाच मीटर लांब आणि २५० मिलिमीटर जाड नळीची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा एकच अंश गरम असली, तर तोंड ०.६ मिलिमीटर खाली झुकते आणि नेमाचा कोन ०.२४ मिलिरेडियनने बदलतो. दोन किलोमीटरवर जवळजवळ अर्धा मीटर. अर्जुन रणगाड्यासाठी एआरडीईने घडवलेल्या १२० मिलिमीटर तोफेवर उष्णतारोधक आवरण असते ते याच कारणासाठी. येथे प्रतिबलाचे सूत्र लावत बसणाऱ्याचे श्रम वाया जातात.

आधीपासून मुरलेली प्रतिबले

वरच्या सगळ्या बेरजा नळी सुरुवातीला प्रतिबलरहित आहे असे मानून केल्या. खऱ्या नळीत तसे नसते, आणि ज्याने ते प्रथम पद्धतशीरपणे वापरले त्याची कथा सांगण्यासारखी आहे. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी ‘प्रिन्स्टन’ या अमेरिकी युद्धनौकेवर ‘पीसमेकर’ नावाची घडीव लोखंडाची तोफ फुटली आणि परराष्ट्रमंत्री व नौदलमंत्री दोघेही मारले गेले. त्यानंतर थॉमस जॅक्सन रॉडमन या आयुध अधिकाऱ्याने मोठ्या तोफा का फुटतात याचा छडा लावायचे ठरवले. भरीव ओतून मग पोखरलेल्या बिडाच्या तोफेत बाहेरचा थर आधी गोठतो आणि आतला नंतर आकसतो, त्यामुळे बोअर तोफ डागण्याआधीच ताणात असते. रॉडमनने तोफ पोकळ गाभ्याभोवती ओतली, गाभ्यातून पाणी खेळवले आणि बाहेरून साचा तापवत ठेवला. आतला थर आधी गोठला, बाहेरचे थर त्याच्यावर आवळत गेले आणि बोअर संपीडनात राहिली. या रीतीने पिट्सबर्गच्या फोर्ट पिट ओतशाळेत १८६४ मध्ये २० इंच बोअरची तोफ ओतली गेली.

आपल्याकडची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, ती आज विजापुरात आहे आणि तिचे वजन सुमारे ५५ टन सांगितले जाते. एवढ्या काशाच्या ओतीवात थर कोणत्या क्रमाने गोठले असतील, हा प्रश्न त्या बुरुजावर उभे राहिल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आला होता.

आर्मस्ट्राँगने १८५० च्या दशकात तेच संपीडन तापवलेली कडी चढवून साधले. हे तंत्र आपल्या सुताराला आणि लोहाराला परके नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात ती अशीच, लाल करून घालायची आणि पाण्याने आवळायची. हिशेबही तोच. कड्याचा आतला व्यास ४०० मिलिमीटर आणि तो नळीपेक्षा ०.४ मिलिमीटरने कमी ठेवला, म्हणजे एक सहस्रांश. तेवढे प्रसरण मिळायला ८३ अंश लागतात. सरकवताना अडकू नये म्हणून तेवढीच मोकळीक आणखी हवी, तेव्हा १६७ अंशांनी तापवावे. निवल्यावर आतली नळी मुळीच दबली नाही असे मानल्यास कड्यात २०५ मेगापास्कल ताण येतो. नळी थोडी दबतेच, म्हणून खरा आकडा याहून कमी.

आजच्या नळ्यांत हे काम ऑटोफ्रेटाज करते: नळीला एकदाच इतका दाब देतात की आतला थर कायमचा ताणला जातो आणि दाब काढल्यावर बाहेरचा थर त्याला आवळून धरतो. हे शेष प्रतिबल उष्णतेच्या आणि दाबाच्या प्रतिबलांत चिन्हासह मिळवावे, परंतु दोन ठिकाणी सावध राहावे. ज्या कातडीत दुहेरी यील्ड होते तेथे ऑटोफ्रेटाजचा हिशेब पुसला गेलेला असतो, तो धरू नये. आणि नळी काही शे अंशांवर दीर्घ काळ राहिली तर शेष प्रतिबल सैल पडते, तेव्हा दीर्घ माऱ्याच्या हिशेबात त्याचा पूर्ण लाभ घेऊ नये.

गृहीत उष्णता पडताळणे

आपण ८ लाख ज्यूल हा आकडा गृहीत धरला होता, आणि सगळे निष्कर्ष त्याच्यावर टांगलेले आहेत. बोअरमधले क्षणिक तापमान मोजणे अवघड आहे, पण या आकड्यासाठी त्याची गरज नाही. छेदाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, सावलीच्या बाजूला, एक थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) चिकटवा. सुरुवातीचे तापमान टिपा, वीसेक गोळे डागले जाऊ द्या आणि मग घाई न करता चार-पाच मिनिटे थांबा. भिंतीतले फरक विरण्याचा काळ एक मिनिटाचा असल्याने तेवढ्या अवधीत आत-बाहेर एकच तापमान होते आणि बाहेर दिसणारा आकडा सरासरीचाच असतो. वाढीला गोळ्यांच्या संख्येने भागा. आपल्या मापाच्या नळीसाठी त्या भागाकाराला ४.३८ लाखांनी गुणले की दर चौरस मीटरची उष्णता मिळते. वीस गोळ्यांनंतर ३६.५ अंश वाढ दिसली तर गृहीत बरोबर होते. तीस अंशच दिसली तर उष्णता ६.६ लाख, कातडीची तापमानवाढ ७५० ऐवजी सुमारे ६१५ अंश, भिंतीतला फरक ४६ ऐवजी ३८ अंश. मग पहिल्या हिशेबापासून सर्व आकडे त्याच प्रमाणात पुन्हा लिहून काढावेत. वारा जोराचा असेल किंवा गोळ्यांमध्ये दहा-दहा मिनिटांचे अंतर पडले असेल, तर नळीने हवेला दिलेली उष्णता नगण्य राहत नाही, आणि ते मोजमाप बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा घ्यावे.